बांध आणि उघाडी

आमच्या लहानपणीं तिन्हीसांजेला परवचा म्हणण्याची चाल घरोघर होती. पाढे, तिथी, वार, नक्षत्रें असें करतां करतां शेवटीं षड्रिपूंचीं नांवें येत. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हीं सहा नांवें आम्ही भावंडें एका सुरांत म्हणत असूं. त्यांचा अर्थ कळण्याचें तें वय नव्हतें. कळलें तें एवढेंच कीं, हे सहाजण शत्रु आहेत, ते आपल्याच आंत दबा धरून बसलेले आहेत, आणि चांगल्या माणसानें त्यांना मारावयाचें असतें. पुढें शिक्षकाचा पेशा पत्करल्यावर हीच शिकवण मीं तीस-पस्तीस वर्षें मुलांना दिली. आज निवृत्तीनंतर पडवींत झोपाळ्यावर बसून तिचा विचार करूं लागलों म्हणजे वाटतें कीं, तिच्यांत एक मोठी उणीव राहून गेली. शत्रु म्हटला कीं त्याला मारावयाचें. मरत नसेल तर कोंडावयाचें. आणि कोंडतांहि येत नसेल तर तो नाहींच असें लोकांना भासवावयाचें. माझ्यासारख्या पुष्कळ सभ्य माणसांची धांव या तिसऱ्या उपायाशीं येऊन थांबते. त्याची किंमत माझ्या घरानें कशी दिली, ती हकीकत मी आज सांगणार आहें. परंतु त्यापूर्वी वाचकांना आमच्या मुलुखांतील एक साधी गोष्ट दाखविली पाहिजे; कारण माझे डोळे शेवटीं उघडले ते तिच्या आठवणीनें.

रायगड जिल्ह्यांत पेण आणि अलिबाग या तालुक्यांमध्यें धरमतरच्या खाडीच्या आसपास जी सखल जमीन आहे, तिला खारेपाट म्हणतात. नोकरीचीं पहिलीं कांहीं वर्षें माझीं तिकडच्या शाळांवर गेलीं. मोठ्या भरतीच्या पातळीहून सखल असलेली ही जमीन मूळची समुद्राची. पूर्वीच्या लोकांनीं मातीचे बांध घालून ती भरतीपासून सोडविली आणि तीवर भात पिकविलें. या बांधबंदिस्तीसाठीं मुंबई सरकारनें १९४८ सालीं खार जमिनींचा कायदा केला, व पुढें महाराष्ट्र राज्यानें १९७९ सालीं त्यासाठीं नवा कायदा केला. मी तेथें नवीन होतों तेव्हां त्या लांबच लांब बांधांकडे पाहून मला मोठें कौतुक वाटे. एका बाजूला खवळलेली खाडी, दुसऱ्या बाजूला हिरवेंगार भात, आणि मध्यें माणसाच्या हातची चार-सहा हात रुंदीची माती! इंद्रियनिग्रहाचा याहून चांगला दृष्टांत कोणता, असें मनाशीं म्हणून मीं तो वर्गांत मुलांना सांगितलाहि.

त्या मुलांपैकीं एकाचा आजा मला एका अमावास्येला बांधावर घेऊन गेला. त्या दिवशीं उधाण होतें. त्यानें मला बांधाकडे पाहूं दिलें नाहीं. त्यांतील उघाडी दाखविली. उघाडी म्हणजे बांधांत ठेवलेली पाण्याची मोरी, आणि तिच्या तोंडाशीं खाडीच्या अंगाला झडप. भरती चढली कीं बाहेरच्या पाण्याच्या दाबानें ती झडप आपोआप मिटते आणि खारें पाणी आंत येऊं शकत नाहीं. ओहोटी लागली कीं आंतलें पाणी तिला ढकलून बाहेर पडतें. म्हातारा म्हणाला, “गुरुजी, बांध सगल्यांना दिसतो. पन पान्याला वाट दिली नाय, तर पानी आपली वाट आपुन करतंय.”

मग त्यानें मला खाराचा सर्व व्यवहार समजावून दिला. या जमिनीच्या पोटांत मीठ आहे, तें कधींच संपत नाहीं. उन्हाळ्यांत ओल वर चढते, तिच्याबरोबर तें वर येतें आणि शेतावर पांढरें फुटतें. मृगाच्या पहिल्या पावसांत शेतकरी तें विरघळवितो आणि ओहोटीच्या वेळीं उघाडींतून खाडींत सोडून देतो. जमीन अशी धुऊन निघाली म्हणजे भात लागतें. पुढल्या उन्हाळ्यांत मीठ पुन्हां वर येतें. पुन्हां तें धुवावें लागतें. मिठावर कोणी रागावत नाहीं आणि तें कायमचें नाहींसें होईल अशी आशाहि कोणी धरीत नाहीं. उघाडी मात्र गाळानें भरली तर आंतलें पाणी तुंबतें, बांध आंतून भिजून हलका होतो, खेंकड्यांनीं पाडलेलीं भोकें मोठीं होतात, आणि एखाद्या उधाणाला त्याला खांड जाते. मग शेंकडों एकर शेतांत समुद्र शिरतो आणि ती जमीन गोडी होण्यास पुढचे दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

मीं हें सारें ऐकलें, “वा!” म्हटलें, आणि विसरून गेलों. दृष्टांत आपल्या सोयीचा नसला कीं विद्वानाला तो लवकर विस्मरतो. मग अल्पविद्वानाची काय कथा!

आतां घरची हकीकत. आमचें घर अष्टागरांतलें. नारळ-पोफळीची लहानशी वाडी, विहीर, आणि कौलारू घर. आम्ही दोघे भाऊ. जुन्या अकरावीची परीक्षा झाल्यावर पुढें कॉलेजांत जाण्याची मला फार उत्कंठा होती. पण वडिलांना अर्धांगाचा झटका आला. वाडी कोणी तरी पाहणें भाग होतें. मी शिक्षकाची सनद घेऊन नोकरीला लागलों, आणि माझ्या पगारांतून धाकटा मुंबईस शिकला, पदवीधर झाला, मोठ्या हुद्द्यावर चढला. गांवांत सगळे म्हणत, “दादांनीं केवढा त्याग केला!” मीहि तेंच मानीत आलों. त्यागी माणसाच्या पोटांत मत्सर असूं शकेल ही कल्पना गांवाला शिवली नाहीं, आणि मला तर ती मुळींच शिवूं दिली नाहीं.

धाकटा गणपतीला येई तो सर्वांसाठीं कांहीं ना कांहीं घेऊन येई. घराचीं कौलें त्यानें बदलली, विहिरीवर पंप त्यानें बसविला. प्रत्येक वेळीं माझ्या छातींत एक बारीक कळ उठे. मीं तिला नांव दिलें नाहीं. उलट, मन निर्मळ व्हावें म्हणून रोज रात्रीं एक जपमाळ वाढविली, चातुर्मासांत एकभुक्त राहूं लागलों. कळ गेली नाहीं. तिनें वेष बदलला. मी स्पष्टवक्ता झालों. भावाच्या मोटारीवर, भावजयीच्या शहरी चालीरीतींवर, त्यांच्या मुलाच्या लाडांवर मी हितोपदेशाच्या भाषेंत बोलूं लागलों. ऐकणारे म्हणत, दादा कडक, पण बोलणें खरें.

२०१६ सालच्या गणपतींत पुतण्या कसल्याशा प्रवेशपरीक्षेंत थोडक्या गुणांनीं नापास होऊन आला होता. नैवेद्यानंतर पंगत बसली होती. पाहुण्यांपैकीं कोणी तरी त्याच्या परीक्षेची विचारपूस केली. तेव्हां मी हंसत म्हणालों, “पैशानें शिकवणी विकत मिळते, बुद्धि मिळत नाहीं.” पंगत हंसली. तो मुलगा अर्ध्या पानावरून उठला. पुढल्या वर्षापासून धाकटा एकटाच येऊं लागला, आणि दीड दिवसांत परत जाऊं लागला. भावजय आणि पुतण्या तीन गणपतींना आले नाहींत. घरांत कारण सर्वांना ठाऊक होतें. कोणी बोललें नाहीं. मी माझी माळ ओढीत राहिलों.

येथें वाचकांना एक जुनी गोष्ट आठवेल. एका वैद्यानें रोग्याला औषध दिलें आणि सांगितलें कीं, हें घेतांना माकडाची आठवण मात्र होऊं देऊं नका. त्या बिचाऱ्याला जन्मांत कधीं माकड आठवलें नव्हतें. आतां चाटण हातांत घेतलें कीं माकड पुढें उभें! या गोष्टीचा प्रयोगच अमेरिकेंत झाला. डॅनिएल वेग्नर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना पांच मिनिटें पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितलें, आणि तो आलाच तर घंटा वाजविण्यास सांगितलें. घंटा वाजतच राहिल्या. नंतर खुशाल विचार करा असें म्हटल्यावर त्या विद्यार्थ्यांना अस्वल अधिकच आठवूं लागलें. ज्यांना मनाई कधीं केलीच नव्हती त्यांच्याहूनहि अधिक! मनाला दारावर पहारेकरी म्हणून बसविलें कीं, चोर आला कीं काय हें पाहण्यासाठीं त्याला चोराचाच विचार करीत बसावें लागतें. माझी रात्रीची माळ हा असाच पहारा होता. एकशें आठ वेळां मी मत्सराला “नाहींस” म्हणत होतों, म्हणजे एकशें आठ वेळां त्याची आठवण करीत होतों.

स्वित्झर्लंडमधील कार्ल युंग (१८७५–१९६१) यांनीं मनाच्या या नाकारलेल्या भागाला ‘छाया’ असें नांव दिलें. भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवासाठीं ते १९३७ च्या डिसेंबरांत मुंबई बंदरांत उतरले होते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, स्वतःमधील जी गोष्ट मनुष्य पाहूं इच्छीत नाहीं ती त्याला दुसऱ्याच्या ठिकाणीं दिसूं लागते. मला धाकट्याच्या ठिकाणीं अहंकार दिसत होता. तो त्याच्यांत होता कीं नव्हता हा प्रश्न निराळा. माझ्यांत काय होतें हें पाहण्याचें काम त्यामुळें टळत होतें, एवढें खरें.

३ जून २०२० या दिवशीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलें. श्रीवर्धन-दिवेआगरपासून मुरुड-अलिबागपर्यंत वाड्या भुईसपाट झाल्या. आमच्या बहुतेक पोफळी मोडून पडल्या, माड आडवे झाले, कौलें उडालीं. पोफळ लावली कीं पांच-सात वर्षें फळ नाहीं. माझ्या वयाच्या माणसानें त्या वाडीकडे कोणत्या नजरेनें पाहावें? टाळेबंदीचे दिवस होते. आठव्या दिवशीं परवानगी काढून धाकटा आला. त्यानें मजुरांची तजवीज केली, पडलेलीं झाडें कापून घेतलीं, आणि संध्याकाळीं म्हणाला, “दादा, नवीन लागवडीचा खर्च मी करतों. तुम्ही काळजी करूं नका.”

त्या क्षणीं माझ्या मनांत जें उठलें ती कृतज्ञता नव्हती. “माझ्या सर्वनाशांतहि हाच दाता!” असा एक जाळ माझ्या अंगांतून गेला. त्या रात्रीं वीज नव्हती, छप्पर नव्हतें, आणि झोंप नव्हती. माळ कोठें होती कोण जाणे. ती शोधावी असेंहि वाटलें नाहीं. मोडक्या वाडीकडे पाहतां पाहतां खारेपाटांतील तो म्हातारा आणि त्याची उघाडी चाळीस वर्षांनीं आठवली. आयुष्यांत प्रथमच मी त्या कळेजवळ बसलों आणि तिला तिच्या नांवानें हांक मारली. हा हेवा आहे. मला कॉलेजांत जावयाचें होतें. जो गेला त्याचा मी हेवा करतों. चाळीस वर्षें करीत आलों आहें. आश्चर्य असें कीं, एवढें म्हटल्यावर आकाश कोसळलें नाहीं. कळ होती तेथेंच होती. तिची धार तेवढी बोथट झाली.

सकाळीं पडलेल्या माडाच्या खोडावर बसून मीं हें धाकट्याला सांगितलें. साठीच्या घरांतल्या माणसानें धाकट्या भावापुढें असें बोलणें किती अवघड असतें तें वाचक जाणतात. तो बराच वेळ हातांतला कोयता न्याहाळीत राहिला. मग म्हणाला, “दादा, हें घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हीं कधीं म्हटलं नाहींत, म्हणून आम्हींहि म्हटलं नाहीं.”

ज्याला लपविण्यांत मीं आयुष्याचीं इतकीं वर्षें खर्चीं घातलीं, तें फक्त माझ्यापासूनच लपलेलें होतें!

त्यानंतर मी आपल्या परंपरेकडे पुन्हां वळलों. वडिलांपासून शिकलेलें संस्कृत गांठीस होतें, पण नुसतें पाठ असणें आणि कळणें यांत अंतर असतें. आपण जी संध्या करतों तिच्यांतील सकाळचें मंत्राचमन पाहा. मनानें, वाणीनें, हातांनीं, पायांनीं, उदरानें आणि उपस्थानें रात्रीं जें पाप घडलें असेल त्याची कबुली देऊन साधक सूर्यापाशीं रक्षण मागतो. आणि सूर्याबरोबर तो आणखी कोणाला हांक मारतो? मन्यूला! मन्यु म्हणजे क्रोध. त्याच्या पोटांत तेज आणि आवेशहि येतात. क्रोधानें घडलेल्या पापांपासून क्रोधाच्याच देवतेनें आपलें रक्षण करावें, अशी ती प्रार्थना आहे. संध्याकाळीं सूर्याच्या जागीं अग्नि येतो, मन्यु मात्र तोच राहतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत या मन्यूचीं दोन सूक्तें आहेत, ८३ वें आणि ८४ वें. आपण घरोघर म्हणतों त्या रुद्रांतील पहिला नमस्कारहि रुद्राच्या मन्यूलाच आहे, आणि पुढें तर चोरांच्या अधिपतीच्या रूपानेंहि त्याच देवाला नमन केलें आहे. मुंजीपासून मी हे मंत्र म्हणत आलों, पण मन्यूला हांक मारावयाची ती कशासाठीं, हा विचार कधीं मनांत आला नाहीं.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत भगवंत सांगतात कीं, ज्ञानी पुरुषहि आपल्या प्रकृतीप्रमाणेंच वागतो, तेथें निग्रह काय करणार? आणि लगेच पुढच्या श्लोकांत राग-द्वेषांच्या ताब्यांत जाऊं नये असें बजावतात. त्याच अध्यायाच्या अखेरीस कामरूपी शत्रूला मारण्याची आज्ञा आहे, हें मी विसरलेलों नाहीं. परंतु आज्ञेपूर्वी भगवंत त्या शत्रूचें राहण्याचें ठिकाण सांगतात: इंद्रियें, मन आणि बुद्धि. शत्रु माझ्या बुद्धींतच मुक्कामाला आहे हें ज्यानें पाहिलें नाहीं, तो त्याच बुद्धीच्या सल्ल्यानें लढत राहतो. आणि आपली स्पष्टोक्ति हा सद्गुणच आहे असें ती त्याला पटवीत राहते. भरतमुनींनीं तर नाट्यशास्त्रांत तेहतीस व्यभिचारी भाव मोजतांना असूया आणि गर्व यांच्याबरोबर अवहित्था, म्हणजे मनांतला भाव लपविणें, हाहि एक भावच म्हणून मोजला आहे. लपविणें म्हणजे विकार जाणें नव्हे, त्यांत आणखी एकाची भर पडणें होय.

ज्यांना शास्त्रापेक्षां यात्रा प्रिय असेल त्यांनीं श्रीवर्धन तालुक्यांत हरिहरेश्वराला जावें. तेथील रीत अशी कीं, आधीं काळभैरवाचें दर्शन घ्यावयाचें, मग हरिहरेश्वराचें, आणि निघतांना पुन्हां काळभैरवाचें. लहानपणीं मला त्या उग्र देवाची भीति वाटे, आणि त्याला चुकवून थेट आंत कां जाऊं देत नाहींत असें मी आईला विचारी. आई म्हणे, “त्याला भेटल्याशिवाय पुढें जायचं नसतं.” एवढेंच. आज मला त्याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज वाटत नाहीं.

येथें कोणी सुज्ञ वाचक आक्षेप घेतील कीं, मास्तर, ही तर स्वैराचाराची वाट! राग आहे म्हणून रागवावें, लोभ आहे म्हणून लुबाडावें, आणि वर म्हणावें कीं, आम्हीं आपला स्वभाव स्वीकारला आहे. आक्षेप रास्त आहे. याचें उत्तर पुन्हां खारेपाटांतच आहे. उघाडी असते ती बांधांत. बांधच नसेल तर उघाडी कशाची? पांडवगीतेंत दुर्योधनाच्या तोंडीं एक प्रसिद्ध श्लोक आहे. धर्म मला कळतो पण त्याकडे माझी प्रवृत्ति नाहीं, अधर्म कळतो पण त्यापासून निवृत्ति नाहीं, असा त्याचा आशय. इतका प्रांजळ कबुलीजबाब क्वचित् आढळेल. पण त्याच्या पाठीशीं बांध नाहीं. कबूल करून मोकळा झालेला दुर्योधन आणि कांहींच कबूल न करणारा माझ्यासारखा सज्जन, दोघांचीहि शेतें शेवटीं खारींच.

म्हणून मी आतां कृति आणि भावना यांचे हिशेब वेगळे मांडतों. माझ्या जिभेवर, हातावर, पैशाच्या व्यवहारावर बांध असलाच पाहिजे. तेथें तडजोड नाहीं. भावनेला मात्र मनाई नाहीं. ती आली तर आली म्हणावें, तिचें नांव घ्यावें, ती काय मागते तें ऐकावें, आणि ओहोटीची वाट पाहावी. माझा हेवा काय मागत होता? भावाचें वाईट व्हावें असें तो मागत नव्हता. शिकावयाचें राहून गेलें, हें दुःख कोणी तरी ऐकावें, एवढेंच तो मागत होता. तें मीं स्वतःच ऐकलें नाहीं, म्हणून तो पंगतींत एका मुलाच्या अंगावर धांवून गेला.

एकत्र कुटुंबांत तर याची गरज अधिक. दहा माणसें एका छपराखालीं राहतात तेथें हेवा, राग, रुसवा हीं येणारच. आपण मात्र “आमच्या घरांत तसलें कांहीं नाहीं” असें पाहुण्यांना सांगतों. दीड वर्षाचा मुलगा पाळण्यांतल्या बहिणीला चिमटा काढतो. आपण म्हणतों, “छे, छे, दादा किनई ताईवर माया करतो!” मुलगा शिकतो तें असें कीं, चिमटा काढावा पण मायेचें तोंड करावें. त्याऐवजीं त्याचा हात धरावा, चिमटा काढूं देऊं नये, आणि म्हणावें, “आई ताईलाच घेते म्हणून तुला राग आला ना? ये, माझ्यापाशीं बैस.” हात धरला हा बांध, आणि रागाला नांव दिलें ही उघाडी. सुनेला सासूचा राग येतो, सासूला सुनेचा धाक वाटतो, म्हाताऱ्याला तरुणांच्या पगाराचा हेवा वाटतो. यांतील एखादी गोष्ट घरांत कोणी धीर करून सांगितली, तर “असा विचार तुझ्या मनांत आलाच कसा?” हा प्रश्न विचारूं नये. तो प्रश्न ऐकलेला मनुष्य पुन्हां कधीं बोलत नाहीं. आणि कबुलीला आरंभ करावयाचा तो वडीलधाऱ्यांनीं. धाकट्यांवर ती लादूं नये. नाहीं तर तिचाहि आपण एक नवा जाच करून ठेवूं.

आणखी एक गोष्ट सांगणें माझें कर्तव्य आहे. मनांतला अंधार कधीं कधीं असा दाटतो कीं, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटावा, अन्न-झोंप नाहींशी व्हावी. तेथें झोपाळ्यावरचें चिंतन पुरत नाहीं. तेथें डॉक्टरकडेच गेलें पाहिजे, आणि त्यांत ताप आल्यावर जाण्याहून अधिक लाज नाहीं. ठाण्यास १९९० सालीं डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं मानसिक आरोग्याची संस्था काढली; तिनें मराठी घरांतून या विषयावर मोकळेपणानें बोलण्याची संवय पुष्कळ वाढविली आहे.

शेवटीं घरची हकीकत पुरी करतों. पुढल्या वर्षीं गणपतीला पुतण्या आला. मीं त्याला वाडींत नेऊन पंगतींतल्या त्या वाक्याची माफी मागितली, आणि तें वाक्य खरें म्हणजे त्याच्याविषयीं नव्हतेंच, हेंहि सांगितलें. तो म्हणाला, “काका, तुम्ही बोललांत त्याचं तितकंसं नाहीं. सगळे हंसले, त्याचं वाईट वाटलं.” त्याला द्यावयास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं दोघांनीं मिळून दहा-बारा पोफळीचीं रोपें लावलीं. भावजय अजून पूर्वीसारखी मोकळी बोलत नाहीं. तिला मी दोष देत नाहीं. खारें पाणी शिरलेली जमीन गोडी व्हावयास किती पावसाळे लागतात, हें मला म्हाताऱ्यानें सांगून ठेवलेलें आहे.

आणि हेवा? तो गेला असें मी म्हणणार नाहीं. धाकट्याचा फोन आला, पुतण्याच्या बढतीची बातमी कळली, कीं आंत कांहीं तरी चढूं लागतें. मग मी पडवींत येऊन बसतों आणि मनाशीं म्हणतों, आलास का, बैस. कांहीं वेळानें ओहोटी लागते. मग मी उठतों आणि रोपांना पाणी घालतों. यंदा तीं रोपें माझ्या डोक्याच्या वर गेलीं आहेत.